अंगारीची लढाई

सिदूआप्पा फडतरे, खेचरवाला, मराठा पलटण.
दर महिन्याला येरळेकाठावरून साताऱ्याला
पेन्शनला जायचा एस.टी.नं, मला सोबत घेऊन.
कोषागाराच्या पायरीवर, नंबर येईतो,
एका लढाईची गोष्ट सांगायचा.
स्वतःच्या नव्हे.
त्याच्या आधी पाचशे वर्षं झालेल्या.

इटलीत अंगियारी. त्याच्या तोंडी अंगारी.
डोंगरावर गाव, वर्धनगडासारखं,
आणि वेशीतून सुटलेला एकच रस्ता
सुतानं आखावा तसा, थेट खाली खोऱ्यात.
तिथल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं
चुलीपुढं मक्याचे दाणे मांडून त्याला लढाई दाखवली.
पिवळे फ्लोरेन्सचे, तांबडे मिलानचे;
पोपाला दाणे पुरले नाहीत,
म्हणून आप्पाच्या कोटाची बटणं.

‘भाषा कुठली, आप्पा?’
‘हातवाऱ्याला भाषा लागती व्हय?’

दोन्हीकडं भाड्याचे सरदार.
करार करायचा, आगाऊ उचल घ्यायची,
हंगाम सरला की दुसऱ्याचं निशाण.
‘आपल्यातलं बारगीर म्हण.
घोडा धन्याचा, मान आपली.
मी तरी दुसरं काय हुतो?
खेचर इंग्रजाचं, पाय फडतऱ्याचं.’

जूनची अखेर, भर दुपार,
फ्लोरेन्सवाले चिलखतं उतरवून सावलीला.
एवढ्यात एका सरदाराला
लांब रस्त्यावर धूळ दिसली.
इथं आप्पा थांबायचा. तंबाखू मळायचा.
‘मेंढरं असली की धूळ लोळती.
घोडी असली की उभी ऱ्हाती.
खटावच्या माणसाला हे शिकवाय लागत न्हाई.’

मग पुलावर झोंबी, दिवस कलेपर्यंत.
पूल घडीत यांचा, घडीत त्यांचा.
शेवटी मिलानचे पळाले,
घोडी, सामान, निशाणं, सगळं टाकून.

‘मेले किती?’
ठाऊक असूनही मी दर वेळी विचारायचो.
‘येक.’
‘एवढ्या लढाईत?’
‘त्यो बी तलवारीनं न्हाई. घोड्यावरनं पडला.
त्येंच्याच टापाखाली गेला.’
मी हसायचो. तो नाही.

पुढं कॉलेजात असताना नगरवाचनालयात ती लढाई शोधली.
एका ग्रंथात खरंच एक.
दुसऱ्यात नऊशे.
मधले आठशे नव्याण्णव कुणी खोडले
की कुणी भरले, कळेना.
आप्पाला सांगितलं.
‘लिवणाऱ्याच्या हातात असतंय,’ एवढंच म्हणाला,
आणि त्या दिवशी पहिल्यांदा
नाथाचं सांगितलं.

नाथा बाळू इंगळे. आमच्याच गावचा.
चव्वेचाळीस साल, आपल्याकडं आषाढ,
तिकडं गुडघाभर फुफाटा.
अंगारीच्या वरच्या डोंगरात, बिनदिव्याच्या रात्री,
दारूगोळा चढवताना
खेचरासकट दरीत गेला.
वरून तोफा चालू होत्या.
कागद आला: अपघात.
बायकोला मिळालं ते अपघाताचं.

चावडीच्या भिंतीत संगमरवरी दगड आहे,
पहिल्या महायुद्धाचा:
या गावातून त्रेपन्न गेले, सात आले नाहीत.
दुसऱ्याचा दगड बसलाच नाही.
बसला असता तरी
नाथा त्यात धरला नसता.

खिडकीशी नंबर आला की
आप्पा टोपी काढायचा, सही करायचा,
मग जो असेल त्या कारकुनाला:
‘नाथा बाळू इंगळे. लढाईत पडला. लिवून घ्या.’
‘बाबा, ते खातं आमचं नव्हं.’
‘ठावं हाय,’ म्हणून टोपी घालायचा.

परतीला, वर्धनगडाच्या घाटात,
गाडीमागं फुफाटा उठायचा.
आप्पा खिडकीतनं मान बाहेर काढून
मागं बघत बसायचा.
लोळती का उभी ऱ्हाती.